पडद्यावरचे हेलपाटे

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा हे तालुक्याचे गाव विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवर वसलेले असून, बुलढाणा या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा मराठवाड्यातील जालना त्याला अधिक जवळचे आहे. महसुली विभागाचे आयुक्तालय अमरावतीला, जिल्ह्यातील महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठही अमरावतीला, आणि विदर्भासाठीचे उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला, असा येथील माणसाच्या कागदपत्रांचा भूगोल आहे. अशा गावातील विद्यार्थ्याला, शिक्षकाला, शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्याला किंवा निवृत्त कर्मचाऱ्याला एकेका कागदासाठी किती अंतर तोडावे लागत असे, हे ज्यांनी ते तोडले त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. काम न होता किंवा अर्धवट होऊन पुन्हा पुन्हा जावे लागणे, या अनुभवाला मराठीत ‘हेलपाटा’ असा नेमका शब्द आहे.

ईमेलचे खरे मोल अशा गावात कळते, कारण त्याने अनेक हेलपाटे वाचवले. प्रवेशाचे पत्र, परीक्षेचे हॉल तिकीट, बँकेचे विवरणपत्र, परगावी नोकरीला असलेल्या मुलाने पाठवलेला कागद, हे सारे घरबसल्या मिळू लागले. मात्र गेल्या काही वर्षांत ईमेल वापरणाऱ्यांची एक तक्रार सातत्याने ऐकू येते, ती अशी की पत्र उघडणे, वाचणे, उत्तर देणे आणि खाते बंद करून उठणे या साध्या कामांच्या मध्ये नको असलेल्या पायऱ्या शिरल्या आहेत. अ‍ॅप उतरवून घेण्याचा आग्रह, नव्या सोयीची ओळख करून देणारी चौकट, ‘नक्की पाठवायचे का’ अशी विचारणा, तीन ठिपक्यांच्या आड गेलेली बटणे, जोडपत्र उघडण्यासाठी मागावी लागणारी परवानगी, अशी त्यांची रूपे आहेत. यांतील प्रत्येक पायरी सुटी पाहिली तर क्षुल्लक वाटते आणि म्हणूनच तिची दखल घेतली जात नाही. पण त्या सर्वांच्या मुळाशी, माणसाच्या वेळेवर आणि लक्षावर पहिला हक्क कोणाचा, हा गंभीर प्रश्न आहे.

पायऱ्या गळून पडण्याचा काळ

वेबमेल म्हणजे ब्राउझरमध्ये, म्हणजे संकेतस्थळे पाहण्याच्या प्रणालीमध्ये, उघडणारी ईमेलची सेवा. दोन संगणकांमध्ये जाळ्यावरून निरोप पाठवण्याचा प्रयोग अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केला, आणि माणसाचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह घालण्याची पद्धतही त्यांनीच रूढ केली. पुढची दोन-अडीच दशके सामान्यतः ईमेल वाचायचा तर आपल्या संगणकावर वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागे, त्यात सेवा देणाऱ्या यंत्रणेचे तपशील भरावे लागत, आणि उतरवून घेतलेली पत्रे बहुधा त्याच एका यंत्रात राहत. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि ती प्रथम मोजक्या महानगरांपुरती होती.

वेबमेलने हे बंधन तोडले. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी सुरू केलेल्या हॉटमेलचा विचार असा होता की जगातील कोणत्याही संगणकावर बसून नाव आणि पासवर्ड भरला की माणसाला आपली पत्रे दिसावीत. याच काळात मुंबईत अजित बालकृष्णन यांच्या रेडिफनेही मोफत ईमेल देऊ केला, आणि महाराष्ट्रातील असंख्य लोकांचा पहिला ईमेल पत्ता रेडिफमेलवरचाच होता. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल आणला, तेव्हा प्रचलित मोफत सेवा दोन ते चार मेगाबाइट जागा देत असताना त्याने एक गिगाबाइट जागा दिली. जागा संपली म्हणून जुनी पत्रे वेचून काढून टाकण्याचे काम त्यामुळे एका फटक्यात नाहीसे झाले, आणि एकेका क्लिकनंतर पूर्ण पान नव्याने उतरण्याची वाट पाहणेही कमी झाले, कारण जीमेलमध्ये पानाचा फक्त बदललेला भाग नव्याने येत असे.

हा इतिहास आठवण्याचे कारण असे की २००४ पर्यंतच्या वेबमेलची वाटचाल ही एकामागून एक पायऱ्या गळून पडण्याची वाटचाल होती. लोकांनी या सेवांवर जो विश्वास टाकला, आपली कागदपत्रे, नातीगोती आणि व्यवहार त्यांच्या स्वाधीन केले, तो त्या सोपेपणाच्या बळावर. आज त्याच सेवांमध्ये पायऱ्या परत येत असतील, तर त्यांचा हिशेब मागण्याचा अधिकार वापरणाऱ्यांना आहे.

एका पायरीची किंमत

एका क्लिकने काय बिघडते, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. या प्रश्नाचे उत्तर संशोधकांनी चार दशकांपूर्वीच मोजून ठेवले आहे. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि अ‍ॅलन न्यूवेल या तिघांनी १९८० मध्ये एक पद्धत मांडली. तिच्यात संगणकावरील कोणत्याही कामाचे लहान लहान क्रियांमध्ये विभाजन करून प्रत्येक क्रियेला लागणारा वेळ ठरवला जातो. सराईत माणसाला एक कळ दाबायला सरासरी ०.२ सेकंद, माउसने एखाद्या जागेवर नेम धरायला १.१ सेकंद, कीबोर्डवरून माउसवर हात न्यायला ०.४ सेकंद, आणि पुढे काय करायचे याचा मनाशी निर्णय घ्यायला १.३५ सेकंद लागतात, असे त्यांचे आकडे आहेत. या यादीतील सर्वांत मोठा आकडा मनाचा आहे, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे, कारण पायरीचा खरा भार बोटावर पडत नसून विचारावर पडतो.

या हिशेबाने ‘नक्की पाठवायचे का’ अशी एखादी चौकट समोर आली, तर ती वाचून निर्णय घेणे, बटणावर नेम धरणे आणि ते दाबणे यांत सुमारे २.६५ सेकंद जातात. दिवसातून २० वेळा अशी चौकट आली आणि वर्षातून ३०० दिवस काम झाले, तर वर्षाचे चार तासांहून अधिक त्या एकाच चौकटीत जातात, आणि हा हिशेब ज्याचा हात बसला आहे अशा माणसाचा आहे. जो माणूस आठवड्यातून एकदाच ईमेल उघडतो, ज्याला समोरची इंग्रजी सूचना अक्षरे जुळवत वाचावी लागते, आणि आपल्या हातून काही बिघडेल ही धास्ती ज्याच्या मनात असते, त्याच्या बाबतीत सेकंदांची जागा मिनिटे घेतात. शिवाय उत्तरात लिहायचे वाक्य मनात जुळत असताना मध्येच दुसरा प्रश्न समोर आला, तर तुटलेला धागा पुन्हा जुळवण्याचा वेळ या मोजणीत धरलेलाही नाही.

मग या पायऱ्या येतात कोठून? संगणकावर मजकूर कापून दुसरीकडे चिकटवण्याची, आज सर्वपरिचित असलेली सोय घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या लॅरी टेस्लर यांनी यावर एक मार्मिक सिद्धांत मांडला होता. प्रत्येक कामात काही गुंतागुंत अंगभूत असते आणि ती पूर्णपणे नाहीशी करता येत नाही. ती कोणी सोसायची, एवढेच ठरवता येते. प्रणाली घडवणाऱ्या अभियंत्याने एक आठवडा जास्त खपून ती आपल्याकडे घेतली, तर लाखो वापरणाऱ्यांची प्रत्येक दिवशीची पायरी वाचते, आणि त्याने तो आठवडा वाचवला, तर तीच पायरी लाखोंच्या वाट्याला कायमची येते.

पहारा आणि अडवणूक

प्रत्येक जादा पायरी वाईट असते, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. घराला कडी-कुलूप असते, तसे ईमेलच्या खात्यालाही हवे, किंबहुना जास्त हवे, कारण बँक, आधार, प्रवेशाचे अर्ज आणि इतर खात्यांचे विसरलेले पासवर्ड हे सर्व आज ईमेलमधून जाते. म्हणून पायऱ्यांचे दोन वर्ग करणे आवश्यक आहे. ज्या पायरीमुळे खातेदाराचे रक्षण होते ती पहाऱ्याची पायरी, आणि जिचा लाभ दुसऱ्या कोणाला होतो किंवा कोणालाच होत नाही ती अडवणुकीची पायरी.

पहाऱ्याच्या पायरीचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे ओटीपी, म्हणजे मोबाइलवर येणारा एकदाच चालणारा सांकेतिक आकडा. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना अशा जादा पडताळणीची सक्ती केली, आणि गूगलने २०११ मध्ये ईमेलच्या खात्यासाठी दुहेरी पडताळणी सर्वांना खुली केली. पासवर्ड चोरीला गेला तरी चोराच्या हातात मोबाइल नसतो, हे या पायरीमागचे तत्त्व आहे आणि ते योग्य आहे.

पहाऱ्यालाही प्रमाण असावे लागते, आणि ते कसे असावे याचा धडा याच देशात मिळतो. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने पैसे देण्यासारखे जोखमीचे काम कोड स्कॅन करणे, रक्कम भरणे आणि पिन टाकणे अशा तीन पायऱ्यांत बसवले, तर २०२२ मधील यूपीआय लाइटने लहान रकमांसाठी पिनही वगळला. जोखीम मोठी तेथे पहारा मोठा आणि जोखीम लहान तेथे पहारा लहान, हे सूत्र पाळले गेल्यामुळे भाजीच्या हातगाडीपासून कृषी सेवा केंद्रापर्यंत ही पद्धत कोणी शिकवल्याशिवाय रुजली. ज्या समाजाने ती इतक्या सहजपणे आत्मसात केली, त्याला तंत्रज्ञान जमत नाही असे म्हणता येणार नाही. ईमेलमध्ये तोच माणूस अडखळत असेल, तर दोष मांडणीकडे जातो.

पहाऱ्याच्या नावाखाली चालणाऱ्या काही पायऱ्या तपासणीत निरुपयोगीही ठरल्या आहेत. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावण्याची आणि त्यात मोठे अक्षर, आकडा, चिन्ह यांची सक्ती करण्याची प्रथा अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २००३ मधील मार्गदर्शनामुळे जगभर पसरली, पण त्याच संस्थेने २०१७ मध्ये अशा नियतकालिक बदलाची सक्ती करू नये असा सल्ला दिला. वारंवार बदल करावा लागला की माणसे जुन्याच पासवर्डच्या शेवटी एखादा आकडा वाढवतात किंवा तो कागदावर लिहून ठेवतात आणि सुरक्षितता उलट कमी होते, असा अनुभव त्यामागे होता. तरीही अनेक कार्यालयांच्या ईमेलमध्ये ही पायरी आजही टिकून आहे.

कॅप्चाची गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखण्यासाठी घातलेले कोडे म्हणजे कॅप्चा. हा शब्द २००३ मध्ये लुइस फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचारात आणला. वेडीवाकडी अक्षरे यंत्राला वाचता येत नाहीत, हा त्याचा पाया होता, आणि यंत्रे ती अक्षरे वाचू लागल्यावर तो पाया खचला. पुढे चित्रांची कोडी आली; त्यांत रस्त्याकडेचे फायर हायड्रंट, म्हणजे अग्निशामक दलासाठी अमेरिकेतील पदपथांवर बसवलेले नळ, ओळखायला सांगितले जातात. देऊळगाव राजाच्या रस्त्यावर असा नळ कोणी पाहिलेला नाही. जी वस्तू आयुष्यात दिसली नाही ती ओळखता आली तरच माणूस ठरण्याची ही अट, ती घालणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणता वापरणारा होता ते स्पष्ट करते.

नको असलेल्या पायऱ्या

अडवणुकीच्या पायऱ्यांमध्ये सर्वांत ठळक आहे ती आग्रहाची पायरी. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ईमेल उघडला की अनेक सेवा प्रथम अ‍ॅप घेण्याची विनंती करतात, नंतर सूचना सुरू करण्याची परवानगी मागतात आणि मग फोन क्रमांक जोडण्यास सुचवतात. यांत ‘नाही’ म्हणण्याचे बटण बारीक व फिकट असते किंवा त्याजागी ‘आत्ता नको’ एवढाच पर्याय असतो, त्यामुळे दिलेला नकार तात्पुरता ठरतो आणि तोच प्रश्न पुन्हा येतो.

दुसरी आहे लपवाछपवीची पायरी. पूर्वी ‘उत्तर द्या’, ‘पुढे पाठवा’, ‘काढून टाका’ असे शब्द पडद्यावर उघड दिसत. आता त्यांच्या जागी चिन्हे आली आणि काही बटणे तीन ठिपक्यांच्या आत गेली. पडदा मोकळा व देखणा दिसावा हा यामागचा हेतू असतो, पण मोकळ्या दिसणाऱ्या पडद्याची किंमत शोधाशोध करणारा माणूस मोजतो. ज्याला शब्द वाचता येतो त्याला चिन्हाचा अर्थ ठाऊक असेलच असे नाही.

तिसरी पायरी जोडपत्रांची आहे. जीमेलमध्ये २५ मेगाबाइटपेक्षा मोठे जोडपत्र थेट जात नाही. ते गूगल ड्राइव्ह या साठवणीच्या सेवेत ठेवले जाते आणि पत्रातून त्याचा फक्त दुवा जातो. मोठी फाइल पाठवण्याची ती सोय आहे हे खरे, परंतु पाठवणाऱ्याने योग्य परवानगी दिली नसेल तर घेणाऱ्याला ‘प्रवेशाची विनंती करा’ असा संदेश दिसतो, मग त्याने विनंती करायची, पाठवणाऱ्याने ती पाहून मान्य करायची आणि पुन्हा पत्र उघडायचे. अर्जाची मुदत संध्याकाळी संपत असताना दुपारी आलेला असा दुवा म्हणजे शब्दशः हेलपाटाच होय, फरक इतकाच की तो बसच्या ऐवजी पडद्यावर घडतो.

चौथी पायरी उठून जाण्याची आहे आणि ती सर्वांत कमी चर्चिली जाते. ज्यांच्या घरी संगणक नाही ते आपले सरकार सेवा केंद्रात, नेट कॅफेत किंवा महाविद्यालयाच्या संगणक कक्षात ईमेल उघडतात. तेथे काम संपल्यावर खाते पूर्णपणे बंद होणे फार महत्त्वाचे असते. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या क्रोम ब्राउझरच्या ६९ व्या आवृत्तीत जीमेलमध्ये प्रवेश केला की ब्राउझरमध्येही आपोआप प्रवेश होऊ लागला. त्यावर जगभरातून टीका झाल्यानंतर पुढच्या आवृत्तीत ही जोडणी बंद करण्याचा पर्याय देण्यात आला. सामाईक संगणकावर आजही खात्यातून बाहेर पडल्यावर ईमेल पत्ता यादीत तसाच राहतो, आणि तो काढण्यासाठी ‘खाते काढून टाका’, मग खात्याची निवड, मग पुष्टी अशा वेगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. आत येण्याची वाट सुकर आणि बाहेर पडण्याची वाट लांब, अशी ही रचना आहे, आणि ज्याच्या मालकीचा संगणक नाही त्यालाच तिचा सर्वाधिक धोका आहे.

तालुक्याच्या गावी दुप्पट होणारा भार

एकच पायरी पुण्यातील कार्यालयात आणि तालुक्याच्या गावात सारख्या वजनाची नसते. वेगवान जोडणीवर नवे पान डोळ्याचे पाते लवते न लवते तोच येते. संथ जोडणीवर प्रत्येक पायरी म्हणजे नव्याने वाट पाहणे. जीमेलचे एक साधे रूप अनेक वर्षे उपलब्ध होते, ज्यात चित्रविचित्र सोयी नव्हत्या पण जुन्या संगणकावर आणि मंद इंटरनेटवरही पत्रे उघडत असत. ते बंद होणार असल्याचे २०२३ मध्ये कळवण्यात आले आणि २०२४ मध्ये ते गेले. ज्यांना नवे रूप जड जात होते, त्यांच्या हातातील पर्याय त्याबरोबर गेला.

ओटीपीचेही तसेच आहे. ‘एक माणूस, एक मोबाइल क्रमांक, कायम हातात’ असे गृहीत धरून ही पायरी रचलेली असते. मुलीच्या प्रवेशअर्जाला वडिलांचा क्रमांक जोडलेला असेल, वडील शेतात असतील आणि शेतात रेंज नसेल, तर तो आकडा नंतर आला तरी उपयोग होत नाही, कारण त्याची मुदत काही मिनिटांची असते. क्रमांक बदलला किंवा सिमकार्ड बंद पडले, तर खातेच हातचे जाते आणि ते परत मिळवण्याच्या पायऱ्या मूळ पायऱ्यांपेक्षा कितीतरी अवघड असतात.

भाषेचा भार या सर्वांवर चढतो. ‘.भारत’ हा देवनागरी पत्त्यांचा शेवट ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाला, आणि ईमेल पत्ता रोमनेतर लिपीत लिहिता यावा यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक त्याआधी २०१२ मध्येच तयार झाले होते. तरीही देवनागरी ईमेल पत्ता भरला तर तो चुकीचा ठरवणारे अर्ज आजही सर्रास आढळतात, त्यामुळे मराठी माणसाला आपले नावच प्रथम रोमन लिपीत बसवावे लागते, ही त्याच्या वाट्याची अगदी पहिली जादा पायरी ठरते. धोक्याची सूचना इंग्रजीत असली की ती न वाचता ‘ओके’ दाबले जाते, आणि तेव्हा पहाऱ्याची पायरीही पहारा देईनाशी होते.

विचारण्याऐवजी परतवण्याची सोय

या स्थितीवर उपाय नाही असे नाही. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकाची मूळ कल्पना मांडणाऱ्या जेफ रॅस्किन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या पुस्तकात पुष्टी मागणाऱ्या प्रश्नांवर नेमका आक्षेप घेतला आहे. तोच प्रश्न रोज विचारला की त्याला ‘हो’ म्हणणे ही हाताची सवय होते, आणि ज्या दिवशी खरोखर ‘नाही’ म्हणायला हवे त्या दिवशीही हात सवयीने ‘हो’ दाबून मोकळा होतो. म्हणून आधी विचारत बसण्यापेक्षा झालेली कृती मागे घेता येणे श्रेयस्कर, असे त्यांचे प्रतिपादन होते. जीमेलने २००९ मध्ये प्रायोगिक रूपात आणि २०१५ मध्ये अधिकृतपणे दिलेली ‘पाठवणे रद्द करा’ ही सोय याच विचाराची आहे. पत्र पाठवताना कोणी अडवत नाही. चूक लक्षात आली तर ठरावीक सेकंदांत ते परत घेता येते, आणि ही मुदत सेटिंग्जमध्ये ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. जो चुकला नाही त्याला एकही जादा पायरी पडत नाही आणि जो चुकला त्याला सावरायला वाव मिळतो.

दुसरे उदाहरण नियमाने पायरी हटवण्याचे आहे. जाहिरातींची पत्रे बंद करण्यासाठी पूर्वी दुवा उघडणे, पत्ता पुन्हा भरणे, कारण सांगणे आणि पुष्टी करणे अशी मालिका असे. एका क्लिकमध्ये नाव काढण्याचे तांत्रिक मानक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, पण ते ऐच्छिक असल्यामुळे अनेकांनी पाळले नाही. २०२४ मध्ये गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने जाहिरातपत्रे पाठवणाऱ्यांना ते बंधनकारक केले, तेव्हा वर्षानुवर्षे ‘तांत्रिक अडचण’ म्हणून सांगितली जाणारी पायरी काही महिन्यांत नाहीशी होऊ शकली. इच्छा आणि सक्ती असली की पायऱ्या निघतात, हे त्यातून सिद्ध झाले.

कायद्याचा हात

वापरणाऱ्याला त्याच्या इच्छेविरुद्ध वळवणाऱ्या रचनांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ असे नाव दिले. मराठीत त्यांना फसव्या रचना म्हणता येईल. भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि अशा १३ प्रकारांची यादी दिली. त्यांत ‘नॅगिंग’, म्हणजे पिच्छा पुरवणे, हा एक स्वतंत्र प्रकार असून, पुन्हा पुन्हा अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगणे, सुरक्षिततेचे कारण पुढे करून फोन क्रमांक मागत राहणे आणि ‘नाही’ म्हणण्याचा पर्याय न देता सूचना सुरू करण्याची विनंती करत राहणे ही त्याची उदाहरणे तेथेच नमूद आहेत. इच्छा नसताना वेगळे अ‍ॅप घ्यायला लावणे हे ‘सक्तीची कृती’ या दुसऱ्या प्रकारात मोडते. ज्याला आजवर निव्वळ चिडचिड समजले जात होते, त्याला कायद्याने तक्रारीचे स्वरूप दिले, ही या तत्त्वांची मोठी कामगिरी आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर अशी तक्रार कोणत्याही गावातून नोंदवता येते.

करण्यासारखे

अशा तक्रारींचा परिणाम दिसेपर्यंत वापरणाऱ्याच्या हातातही काही गोष्टी आहेत. मोबाइलला रेंज नसतानाही चालणारे पडताळणीचे अ‍ॅप ओटीपीऐवजी वापरता येते, कारण ते आकडा फोनमध्येच तयार करते. गूगलच्या खात्यात आठ आकड्यांचे दहा राखीव संकेत मिळतात. ते कागदावर उतरवून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवले, तर सिमकार्ड हरवल्यावरही खाते उघडता येते. सामाईक संगणकावर ब्राउझरची खासगी खिडकी उघडून काम केले, तर ती बंद करताच खात्याच्या खुणा त्या संगणकावरून जातात. मोठी फाइल दुव्याने पाठवताना परवानगी आधीच तपासून घेतली, तर पुढच्या माणसाचा हेलपाटा वाचतो.

पण खरी जबाबदारी या सेवा घडवणाऱ्यांची आणि त्या नागरिकांवर बंधनकारक करणाऱ्या संस्थांची आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम करून सरकारी सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला. त्या हक्काच्या वाटेवरचा ईमेल आणि त्याच्या पायऱ्या याच न्यायाने तपासल्या गेल्या पाहिजेत. नवी पायरी घालणाऱ्याने ती कोणाच्या रक्षणासाठी आहे हे आधी सांगावे, संथ इंटरनेटवर आणि जुन्या मोबाइलवर ती स्वतः चढून पाहावी, तिची सूचना मराठीत असावी, आणि ‘नाही’ असे एकदा म्हटल्यावर ते कायमचे मानले जावे. विद्यापीठे, परीक्षा मंडळे आणि बँका यांनी आपले अर्ज तालुक्याच्या गावातील सेवा केंद्रात बसून भरून पाहिले, तर कोणती पायरी पहारा देते आणि कोणती अडवते हे त्यांना एका दुपारीत समजेल. देऊळगाव राजाच्या माणसाला बुलढाणा, अमरावती आणि नागपूरचे हेलपाटे चुकवण्यासाठी ईमेल मिळाला आहे. तेच हेलपाटे पडद्यावर त्याच्या वाट्याला पुन्हा येऊ नयेत, एवढी काळजी घेणे हे या सेवा चालवणाऱ्यांचे कर्तव्य आहे, आणि त्याची आठवण त्यांना करून देत राहणे हे वाचकांचे.